मागे असा परिवार आहे

सोमवार, २३ नोव्हेंबर १९९८. सकाळचे साडेअकरा. ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनपाशी उभी राहून मी फॅक्सचे कागद उतरवून घेत होते. हे काम दर सोमवारचं. फॅक्सचा तो गुळगुळीत कागद काही महिन्यांत पांढरा पडतो, अक्षरं उडून जातात, आणि मग कुणी वकिलाची नोटीस घेऊन आला की आपल्या हातात कोरा कागद उरतो. म्हणून भांडण होण्याजोगे कागद निवडायचे आणि त्यांच्या झेरॉक्स फायलीला लावायच्या. कुठल्या कागदावरून भांडण होणार हे आधी ओळखणं, हा माझ्या नोकरीचा अर्धा भाग होता. त्या दिवशी ज्या कागदावरून झालं, तो मी निवडलाच नव्हता.

नोकरी कोल्हापुरातल्या एका दैनिकात. पगारपत्रकावर मी उपसंपादक होते, पण ऑफिसात आणि तालुक्यांत मला सगळे ‘फोनवाल्या बाई’ म्हणत. आमच्या वार्ताहरांकडून आणि लोकांकडून जो मजकूर यायचा, तो छापायला जाण्याआधी खरा आहे का ते बघायचं, एवढंच माझं काम. हल्ली याला फॅक्ट चेकर म्हणतात. माझी भाची पुण्यात हेच काम करते. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून खोटे फोटो आणि खोटे व्हिडिओ पकडते. मध्यंतरी ती म्हणाली, “मावशी, तुमच्याकडं इंटरनेट नव्हतं, मग तुम्ही तपासायचा कशावर?” मी म्हटलं, माणसांवर. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

काम साधं असतं, पण चिवट. बातमीत कुणी काय मत मांडलं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मी नाव, वय, गाव, वार, अंतर आणि नातं बघायची. आमचे मुख्य उपसंपादक चौगुले सर. हायस्कूलची मास्तरकी सोडून वर्तमानपत्रात आलेले. आवाज वर्गात बोलल्यासारखा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, “सुनंदाबाई, उत्तर प्रश्नात घालून इचारायचं न्हाय. मयताचं वय ऐंशी ना, असं इचारलं की पलीकडचा व्हय म्हणून मोकळा. वय काय, येवढंच इचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं जमलं तर काम जमलं.” दुसरी गोष्ट त्यांनी त्याच दिवशी सांगितली. ज्यानं खबर दिली त्यालाच परत विचारून खात्री होत नाही. तो तेच सांगतो, फक्त जरा जोरात.

मग हळूहळू बाकीचं कळत गेलं. जिल्ह्यातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचा जन्म एक जूनला झालेला असतो, कारण शाळेत घालताना मास्तरांनी ती तारीख टाकलेली असते. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात. ‘शेकडो लोक जमले’ असं वार्ताहरानं लिहिलं, तर सभा कुठं झाली ते विचारायचं. देवळाच्या कट्ट्यावर झाली असेल तर त्या कट्ट्यावर माणसं किती मावतात, हे पुजाऱ्याला विचारायचं. अधिकाऱ्याला फोन केला तर तो उद्या सांगतो म्हणतो. शिपायाला केला तर तो आत्ता सांगतो.

माझा सगळा जीव पीपी नंबरांवर होता. ज्यांना हे आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावात फोन दोन-चारच असायचे. बाकीची माणसं पत्त्याखाली शेजाऱ्याचा किंवा दुकानाचा नंबर द्यायची, तो पीपी नंबर. तुम्ही फोन करायचा, दुकानदार हाक मारायचा, आणि ज्याला बोलावलंय तो येईपर्यंत फोन उघडाच असायचा. त्या पाच मिनिटांत मला तराजूची पारडी, गिऱ्हाईकांच्या गप्पा, कुणाच्या म्हशीचं काय झालं, सगळं ऐकू यायचं. पुष्कळदा बातमी खरी की खोटी ते तिथंच कळायचं. पुढं मोबाइल आले आणि फोन थेट माणसाला लागायला लागला. पीपी नंबरला गाव लागायचं.

गगनबावड्याला एसटीडी बूथ चालवणारे एक गृहस्थ होते. अकरा वर्षं मी त्यांच्याशी बोलले, त्यांना कधी पाहिलं नाही. पावसाळ्यात दिवसाआड ‘घाट बंद’ अशी बातमी यायची. मी फोन करायची. ते म्हणायचे, “थांबा बाई,” आणि रिसीव्हर बूथच्या दारातनं बाहेर धरायचे. “ऐका. ट्रक वाजत्यात न्हवं? मग घाट चालू हाय.” एकदा त्यांनी रिसीव्हर बाहेर धरला आणि नुसता पावसाचा आवाज आला. ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. घाट बंद, असं लिहून टाकलं. आता घाट बंद असला की मोबाइलवर फोटो येतो. तो कुठल्या वर्षीचा आहे, हे माझी भाची शोधत बसते.

पन्हाळ्याकडचे एक निवृत्त तलाठी स्वतःच्या निधनाची बातमी लिहून घेऊन आले होते. तारीख तेवढी मोकळी सोडलेली. “पोरं चुका करतील,” म्हणाले, “तुमी तपासून खणात ठेवा.” मी ती तपासली. त्यांनी स्वतःचं वय दोन वर्षांनी कमी लावलं होतं. दरवर्षी दिवाळीनंतर ते यायचे आणि वय आणि नातवंडांचा आकडा सुधारून जायचे. सात-आठ वर्षं आले. ते गेले तेव्हा मुलानं दुसरीच बातमी लिहून आणली, तिच्यात सहा चुका होत्या. मी खणातली लावली.

निधनाच्या बातम्या हेच माझं मुख्य काम होतं. बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल. आमच्याकडं पुष्कळ घरांत पेपर हातात आला की आधी ते पान उघडतात. त्या बातमीचा साचा ठरलेला. नाव, गाव, वय, मग ‘त्यांच्या मागे पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’, आणि शेवटी रक्षाविसर्जनाचा वार आणि वेळ. रक्षाविसर्जन बहुतेक तिसऱ्या दिवशी सकाळी. लांबचे पाहुणे, जुने सोबती, सगळे पेपर वाचूनच त्याला पोचायचे. वेळ चुकली तर माणसं राख सावडून झाल्यावर येऊन पोचायची. आणि ‘मागे’ या शब्दापुढं जे छापलं, ते गावाच्या लेखी घर. पहिल्या पानावरची चूक लोक दुपारपर्यंत विसरतात. या पानावरचं कात्रण ट्रंकेत ठेवतात.

तर त्या सोमवारी मी झेरॉक्स काढत होते आणि काउंटरवरचे बाबूराव आत आले.

“बाई, एक पावणी आलीया. बसा म्हटलं तर बसत न्हाय, पाणी दिलं तर घेत न्हाय. पेपर धरून उभी हाय.”

मी बाहेर गेले. चाळिशीची, काटक बाई. केसांत आणि भुवयांवर सूतगिरणीतला कापूस बसलेला. रात्रपाळी संपवून तशीच आलेली. तिनं आमचा त्या दिवशीचा पेपर काउंटरवर पसरला आणि एका बातमीवर बोट ठेवलं. कोडोलीच्या पलीकडचं एक गाव, नाव लिहीत नाही. बापूसो पाटील, आदल्या दिवशी सकाळी वारलेले. मागे पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी नऊ वाजता.

“ह्यात मी कुठं हाय?” ती म्हणाली.

“आपण कोण?”

“मी थोरली. शालन. मी पयली, मग दोघं भाऊ.”

तिचं म्हणणं असं. एकोणीस वर्षांची असताना ती घरातनं निघून गेली आणि इचलकरंजीला लग्न केलं, दुसऱ्या जातीच्या माणसाशी. बापानं चारचौघांत सांगितलं, मला दोनच लेकरं. त्यानंतर वीस वर्षं ती गावात गेली नाही, गावानं बोलावलं नाही. बाप गेल्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं. सकाळी सातला पाळी सुटल्यावर गिरणीपुढच्या चहाच्या गाड्यावर तिनं पेपर उचलला, आणि तिथं कळलं.

“उद्या मी जाणार,” ती म्हणाली. “पण सगळ्या गावानं आज वाचलंया, दोनच पोरं. उद्या मला इचारतील, तू कोण? मी काय दाखवू? उद्याच्या पेपरात तेवढं घाला. मग मी जातो.”

“मुलांची नावं आम्ही घालत नाही. फक्त ‘एक मुलगी’ एवढंच येईल.”

“तेवढं बास.”

मी तिला बाकावर बसवलं आणि आदल्या दिवशीचा कागद शोधून काढला. धाकट्या मुलानं हातानं लिहून काउंटरवर दिलेला. कोपऱ्यात माझी खूण. ती खूण बघितल्यावर मला सगळं आठवलं. रविवार, माणसं कमी, पान लावायची घाई. मी खाली दिलेल्या पीपी नंबरला फोन केला होता, घरातल्या कुणाला तरी बोलवा म्हणाले होते, आणि फोनवर आला तो धाकटाच. मागे कोण कोण? आय, आमी दोघं भाऊ, बायका, पोरं. बरोबर, म्हणून मी खूण केली. ज्यानं लिहून दिलं त्यालाच विचारलं. हा नियम मी नव्या मुलांना शिकवत होते.

चौगुले सरांकडं गेले आणि झालेलं सांगितलं. मला वाटलं होतं, दुरुस्ती घाला म्हणतील. त्यांनी चष्मा काढला.

“काल त्यानं सांगितलं म्हणून दोन मुलं घातलीसा. आज ही सांगतीया म्हणून मुलगी घालणार. मग तुमी करतासा काय? टपाल वाटतासा?”

ते बरोबर होते. निधनाच्या बातमीचं कात्रण घेऊन लोक तलाठ्याकडं जातात, वारस लावायचा आग्रह धरतात. कात्रणाला तिथं किंमत नसते, पण भांडणाला तेवढं पुरतं. कुणीही येऊन मी लेक म्हणालं तर छापता येत नाही.

“सातला पान जाणार,” सर म्हणाले. “तोवर दोन तोंडं आणा. एक बी तिच्या बाजूचं नको, एक बी भावांच्या बाजूचं नको.”

आधी मी त्याच पीपी नंबरला फोन केला आणि थोरल्या भावाला बोलवायला सांगितलं. तो आला.

“तुमच्या वडिलांना मुलं किती?”

“दोन. छापलंय की तुमी.”

“आणि मुली?”

“आमाला भन न्हाय.”

“म्हणजे झालीच नाही, की वारली?”

“तुमाला काय करायचं हाय?” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस तयार उत्तर देतो. दुखावलेला माणूस उलट विचारतो. पण हा माझा अंदाज झाला. अंदाज छापता येत नाही.

मग गावचं हायस्कूल. शालन तिथं आठवीपर्यंत शिकलेली. हेडमास्तरांनी तासाभरानं फोन करा म्हणून सांगितलं, आणि खरंच जुनं रजिस्टर काढून ठेवलं. शालन बापूसो पाटील, नाव सापडलं. जन्मतारीख अर्थातच एक जून. मी हायसं वाटून पेन उचललं तेवढ्यात ते म्हणाले, “पण बाई, आमच्या गावात बापूसो पाटील पाच हाईत. तुमचं कुठलं?”

“चावडीजवळचे.”

“रजिस्टरात चावडी लिवलेली न्हाय.”

म्हणजे शालन नावाची मुलगी होती एवढं ठरलं. ती कुणाची, ते नाही. दुपारचे तीन वाजले होते. गावातल्या आणखी दोघांना फोन केले. एक भावांच्या सोसायटीतला निघाला. दुसऱ्यानं “त्या घरातलं आमास्नी इचारू नगासा” म्हणून विषय संपवला.

मी बाहेर बाकावर शालनशेजारी जाऊन बसले. तिनं अजून पाणी घेतलं नव्हतं.

“तुमच्या गावाला कासार कुठला यायचा?”

ती माझ्याकडं बघत राहिली. “कोडोलीचा. गणपा. आता म्हातारा झाला असंल. कशाला वो?”

कासार ही माझी जुनी खात्रीची जागा होती. सावकाराला घरातली जमीन ठाऊक असते, डॉक्टरला आजार. कासाराला हात ठाऊक असतात. घरातल्या कुठल्या बाईला कधी बांगड्या भरल्या, कुठल्या लेकीला लग्नाचा चुडा घातला, कुणी नागपंचमीला माहेरी आली आणि कुणी आली नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि तो कुणाच्याच बाजूचा नसतो, कारण त्याला सगळ्याच घरांत जायचं असतं.

गणपा कासार आता कोडोलीत बाजाराजवळ दुकान टाकून बसले होते. शेजारच्या औषधाच्या दुकानात फोन होता. चार वाजून गेल्यावर ते फोनवर आले. मी कोण ते सांगितलं.

“पलीकडच्या गावातल्या बापूसो पाटलांच्या घरात तुम्ही बांगड्या भरायला जायचा का?”

“कुठलं बापूसो? मळ्यातलं, का चावडीजवळचं?”

“चावडीजवळचे. काल वारले ते.”

पलीकडं औषधाच्या दुकानातली गिऱ्हाईकं बोलत होती. मग ते म्हणाले, “गेलं व्हय? मला कुणी बोललं न्हाय.”

हे माझ्या हातून एवढ्या वर्षांत तीन-चारदा झालंय. आपण खात्री करायला फोन करतो आणि ती पहिली खबर ठरते.

“त्या घरात बायकांचे हात किती?” मी विचारलं.

“मालकीण. मग लेक, शालन. मागनं दोन सुना आल्या.”

“लेक कुठं दिली?”

“दिली न्हाय. तिची ती गेली, इचलकरंजीला. लग्नाचा चुडा मी भरला न्हाय तिला. गावात तेवढीच एक ऱ्हायली माझ्या हातनं.”

मी लिहून घेतलं. माझं काम झालं होतं. रजिस्टरात नाव, आणि कुठल्या बापूसोंची ते सांगणारा एक परका माणूस. मी आभार मानून फोन ठेवणार होते. ते म्हणाले, “बापूसो दर पंचमीच्या आदी यायचं की वो माझ्याकडं.”

“सुनांना घेऊन?”

“एकलंच. एक डझन हिरव्या घ्यायचं. सव्वादोनच्या मापाच्या. कागदात बांधून टोपीखाली ठेवल्यागत लपवून न्यायचं. त्या घरात सव्वादोनचा हात न्हाय, बाई. तिघीबी अडीचच्या वरच्या. पोरी बी न्हाईत, नातू हाईत नुसतं.”

“मग कुणासाठी, ते विचारलं नाही?”

“इचारायचं असतंय व्हय असलं?”

फोन ठेवला. मग दुरुस्तीचा मजकूर लिहिला. सरांनी वाचला. दोन्ही तोंडं विचारली, मान हलवली. बांगड्यांचं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “ते बातमीत न्हाय बसत.”

“शालनला सांगू का?”

“खरं हाय?”

“कासार म्हणतात.”

“एकच तोंड,” सर म्हणाले आणि दुसरा कागद ओढला.

मी शालनला त्या संध्याकाळी सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाची आठवण, दुसऱ्या कुणासाठी घेतलेल्या बांगड्या, काहीही असू शकलं असतं. छापलेली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. असलं काही सांगितलेलं परत घेता येत नाही, ते माणूस जन्मभर बाळगतं.

तिला मजकूर मात्र दाखवला. मागे पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे. मी विचारलं, जावई घालू का? तुमचा हक्क आहे. तिनं बराच विचार केला.

“नगं. तो त्यांचा कवा न्हवता. मी होतो.”

मग ती पाणी प्याली, एका दमात दोन ग्लास, आणि इचलकरंजीच्या गाडीला गेली. सकाळी सातला कोल्हापूरच्या स्टँडवर येते म्हणाली.

साडेसहाला थोरल्या भावाचा फोन आला. त्याला कोडोलीतनं कळलं असणार. मी काही म्हणायच्या आत ओरडायला लागला, की छापलंत तर गावात तुमचा पेपर जाळू. सरांनी माझ्या हातातनं रिसीव्हर घेतला.

“पावणं,” ते म्हणाले, “जाळायला आदी इकत घ्यायला लागतोय. किती पाठवू?”

आणि ठेवून दिला. सातला पान गेलं.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या निधनाची बातमी माझ्याच टेबलावर आली. मुलगा नीट लिहिणारा, तरी वय चुकलं होतं, शाळेच्या दाखल्यावरचं घातलेलं. खरं वय मला ठाऊक होतं, पण नियमाप्रमाणं मी त्यांच्या धाकट्या बहिणीला फोन केला. वय काय, एवढंच विचारलं आणि गप्प बसले. ती रडायला लागली आणि मग तिनं बरोबर सांगितलं. पुढं चार-पाच वर्षांत माझं टेबलही गेलं. बातम्या ई-मेलनं थेट पानावर यायला लागल्या. मला पुरवण्या वाचायला बसवलं. काम वाईट नव्हतं, पण तिथं फोन करायचं कारण पडत नव्हतं. अजूनही सकाळी अकराच्या सुमाराला माझा हात उगाचच फोनकडं जातो. कुणाला तरी हाक मारायला सांगावी, आणि तो येईपर्यंत पलीकडचं गाव ऐकत बसावं, असं वाटतं. तसा नंबर आता कुठं उरलेला नाही.

तर त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, माझी ड्यूटी अकराची होती. सकाळी सातला मी स्टँडवर गेले. शालन आलेली होती. अंगावर नवी नाही पण धुतलेली साडी, केस स्वच्छ, हातात आमचा पेपर घडी घालून धरलेला. मला बघून तिला आश्चर्य वाटलं.

“तुमी कशाला आलासा?”

“चूक माझी होती,” मी म्हटलं. ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं.

कोडोलीला उतरून दुसरी गाडी धरली. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळं पोचायला नऊ होऊन गेले. नदीकाठी माणसं जमली होती. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. आम्ही दोघी उतारावरनं खाली येताना बोलणी थांबली. थोरला भाऊ उठून पुढं आला. त्याच्या खिशातही आमचाच पेपर होता.

“तुमी फोनवाल्या बाई व्हय?”

“हो.”

“आमास्नी इचारायचं तरी.”

“दोनदा विचारलं,” मी म्हटलं.

बहिणीकडं त्यानं बघितलं नाही, पण वाटेतनं बाजूला झाला. बायकांतनं एक म्हातारी म्हणाली, “शालन, हितं ये. सावलीला बस.” जणू सकाळी पाणी आणायला गेलेली पोर परत आली होती. शालन तिच्याशेजारी जाऊन बसली. कुणी तू कोण म्हणून विचारलं नाही. पेपरची घडी तिला उघडावी लागली नाही. पाणी द्यायची वेळ आली तेव्हा भावांच्या मागोमाग तिलाही तांब्या दिला. दिला तो धाकट्यानं.

मला अकरापर्यंत पोचणं जमणार नव्हतंच, तरी मी निघाले. शालन रस्त्यापर्यंत सोडायला आली. आई तिला आजचा दिवस राहा म्हणाली होती. एसटीच्या थांब्यावर आम्ही दोघीच होतो. तेव्हा मी तिला विचारलं, नुसतं विचारलं.

“लग्नाआधी तुम्हाला बांगड्या कुठल्या मापाच्या लागायच्या?”

“सव्वादोन,” ती म्हणाली. “साऱ्या गावात बारका हात माझाच. गणपा म्हणायचा, तुझ्यासाठनं पोरींच्या बांगड्या आणाय लागतील. आता अडीचच्या बी भरत न्हाईत. गिरणीत हात सुजत्यात. का वो?”

मी पुढं गप्प बसले नाही. कासारानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत सांगितलं. दर पंचमीच्या आधी, एकटे, एक डझन हिरव्या, सव्वादोनच्या. हेही सांगितलं, की हे एकाच माणसानं सांगितलेलं आहे. मापाचं तेवढं आत्ता तुमच्या तोंडून जुळलं.

ती आपल्या मनगटांकडं बघत उभी राहिली. लांब वळणावर एसटी दिसायला लागली होती.

“कवापासनं घेत हुतं?” तिनं विचारलं.

मी ते विचारलं नव्हतं.

“आणि ठेवलं कुठं?”

तेही नाही.

मी पिशवीतनं एक कागद काढला, त्यावर कासाराचं पूर्ण नाव, कोडोलीतलं दुकान, ते दुकानात कुठल्या वेळेला असतात ते, आणि शेजारच्या औषधाच्या दुकानाचा पीपी नंबर लिहून तिच्या हातात दिला, आणि गाडीत चढले.